आमा आणि एक जुलै

आमा टेप वापरायची नाही. माणसाकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघायची, मान जराशी वाकडी करायची, आणि महिनाभरानं जो स्वेटर आणून द्यायची तो खांद्यात, काखेत, मनगटाशी अगदी बेतून बसायचा. आमच्या गावच्या शिंप्याला तीन-तीनदा माप देऊनही माझा सदरा कधी असा बसला नाही. दुकानातला तिचा माल लुधियानाचा असायचा आणि ती ते लपवायचीही नाही. "हा मशीनचा, हा आमाचा," असं गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायची. आमाचा स्वेटर मात्र विकायला नसायचा. तो ज्याला द्यायचा त्यालाच ती द्यायची. माझ्या कपाटात तसले अकरा आहेत. थंडी पडली की बायको एखादा काढून ठेवते आणि मी तो परत आत ठेवतो.

आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या बाजूला, गोठणगावाजवळ तिबेटी लोकांची वस्ती आहे. अर्जुनी मोरगावच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगितलं की तो आधी हसतो. बर्फातले लोक आणि आमच्या झाडीपट्टीत? पण आहेत, आणि दोन पिढ्यांपासून आहेत. पावसाळ्यात धान आणि मका, थंडीत नागपूर-रायपूरच्या फुटपाथवर स्वेटर, असं त्यांचं वर्ष. आमा लहानपणी बापाच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडून आली होती. तिचं खरं नाव डोल्मा. त्यांच्या भाषेत आमा म्हणजे आई, पण तिच्याहून मोठे म्हातारेही तिला आमाच म्हणायचे. नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा, पासांग.

ती कुणाच्या घरी आली तर खुर्चीवर बसायची नाही. दाराच्या आत हातभर जागा धरून भिंतीला टेकायची आणि सुया काढायची. मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दरवेळी रागवायची, "आमा, वर बस नं!" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "पाहुन्यानं दाराजवळ बसाव. उठतानी कोनाले तरास नाई." चाळीस-पन्नास वर्षं या मातीत राहिलेल्या बाईनं स्वतःला पाहुणी म्हणावं याची आम्हाला गंमत वाटायची. त्यात गमतीसारखं काही नव्हतं. तिच्या गळ्यात दोरीनं बांधलेली कापडी पिशवी असायची आणि त्या पिशवीत सरकारी नोंदणीचं पुस्तक. ही परदेशी बाई आहे आणि हिला इथं राहायची परवानगी आहे, एवढंच त्या पुस्तकाचं म्हणणं. मुदत संपत आली की ती बल्लारशाच्या गाडीनं गोंदियाला जायची, शिक्का मारून आणायची. "कागदाले पाय नाई, पन मानसाले पळवते," असं म्हणायची आणि हसायची.

प्रतापगडावर महादेवही आहे आणि दर्गाही. आमा दोन्हीकडे जायची, हातात स्वतःची माळ घेऊन. कुणी विचारलं, काऊन आमा, तुझा देव तर वेगळा, तर म्हणायची, "डोंगर सारे एकाच गावचे."

आता माझं सांगतो. मी वस्तीलगतच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो. वस्तीची स्वतःची शाळा होती, तरी आमा पासांगला घेऊन आमच्या शाळेत आली. मी कारण विचारलं. म्हणाली, "गुरुजी, ज्याच्या विहिरीचं पानी पेतो त्याची बोली नाई शिकली तं लाज वाटते." मला ते इतकं आवडलं की मी तिथल्या तिथं दाखल-खारीजचं रजिस्टर उघडलं.

जन्मतारखेच्या रकान्याशी आलो आणि नेहमीप्रमाणे थांबलो. खेड्यातल्या मास्तराला हा रकाना म्हणजे रोजचं दुखणं होतं. कुणाचंही लेकरू दवाखान्यात जन्मलेलं नाही, कुणाकडे दाखला नाही. कुणी सांगे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणी सांगे धानाचं रोवणं सुरू होतं तेव्हा. मग आम्ही पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचो. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. आणि तारीख? एक जुलै. शाळेत नाव घालायच्या दिवशी वय बरोबर पूर्ण भरतं, हिशोबाची कटकट नाही. आमच्या शाळेत एक जुलैला अर्ध्या वर्गाचा वाढदिवस असायचा.

आमा म्हणाली, "थंडीत झाला, गुरुजी. शुक्रवारी. त्या साली मी स्वेटर विकाले नाई गेली. काशीबाई सुईण होती." मी मान हलवली, पण ऐकलं नाही. मी पोराला म्हटलं, धर कान. पासांगनं हात डोक्यावरून नेला. कानापर्यंत दोन बोटं कमी पडली. मुलगा लहान आहे, मी ठरवून टाकलं. जूनचे शेवटचे दिवस, उकाड्यानं जीव चाललेला, आणि आमानं त्याला शाळेचा पहिला दिवस म्हणून सणाचा जाड लोकरी अंगरखा घातला होता. त्या बाहीत तो हात वाकतच नव्हता. हे मला पंचवीस वर्षांनी सुचलं.

थंडीतलं पोर मी पुढच्या जुलैत नेलं. एक जुलै एकोणीसशे सत्त्याऐंशी. आकड्यात लिहिलं, आणि पुढे कुणाला खाडाखोड करता येऊ नये म्हणून अक्षरातही लिहिलं. माझं अक्षर चांगलं. वरून आमाला उपकाराचं सांगितलं, "अर्धं वर्ष वाचवलं तुझ्या लेकाचं. नोकरी लागली तर तेवढंच उशिरा रिटायर होईल."

"याले लागल नोकरी?" ती म्हणाली.

"काऊन नाही लागणार?" मी म्हणालो. मास्तराला असं बोलायला काय जातं?

त्या वेळी मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. माझाही वाढदिवस एक जुलैच. झालं, त्या वर्षीपासून दर एक जुलैला आमा आमच्या दारात. हातात डबा, डब्यात खाप्से. मैद्याचे तळलेले, पिळे घातलेले, आपल्या शंकरपाळ्याचे लांबचे भाऊ. ते त्यांच्या नव्या वर्षाला करतात, पण ती या दिवसासाठी मुद्दाम करायची. गुरुजीचा आणि पासांगचा एकच दिवस, म्हणजे मोठं नातं झालं, असं ती वस्तीत सांगत फिरायची. पासांग चौथीत गेला तोवर शाळेत सकाळी प्रतिज्ञा सांगायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्याचा आवाज खणखणीत होता. हात समोर ताठ धरायचा, कोपरात जराही बाक नाही. पाहुणे आले की मी त्यालाच पुढे करायचो. तिबेटी पोरगं मराठीत प्रतिज्ञा सांगतंय म्हणून साहेब लोक खूश व्हायचे, आणि त्यातलं थोडं कौतुक माझ्याकडेही यायचं.

पासांग शिकला. नागपूरला नर्सिंग केलं, खासगी दवाखान्यांत काही वर्षं काढली. मग सरकारी दवाखान्याच्या परीक्षेत पास झाला. यादीत नाव लागलं त्या दिवशी आमा सुया न घेता आली होती. हात रिकामे असलेली आमा मी पहिल्यांदाच पाहिली. "गुरुजी, तुमी म्हनलं होतं," एवढंच म्हणाली.

कागद तपासताना गाडं अडलं. तुम्ही या देशाचे नागरिक आहात याचा दाखला आणा. पासांगनं अर्ज केला. तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, पण कायद्यात होतं की या देशात जन्मलेला माणूस, मग त्याचे आईबाप कुठलेही असोत, सत्त्याऐंशीच्या एक जुलैच्या आधी जन्मला असेल तर जन्मानंच इथला नागरिक. आणि माझ्या सुवाच्य अक्षरात, आकड्यात आणि अक्षरात, तो एक जुलैला जन्मला होता. चौकशीला आलेला माणूस भला होता. म्हणाला, "एक दिवस आधीचा असता तर प्रश्नच नव्हता हो."

एक मार्ग होता. ती तारीख अंदाजानं लिहिली होती, आईनं थंडीतला जन्म सांगितला होता, असं ज्यानं नोंद केली त्यानं शपथेवर लिहून द्यायचं. काशीबाई केव्हाच वारली होती. उरलो मी. पासांगनं वकिलाकडून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं. माझं नाव घालून, सहीची जागा रिकामी ठेवून. आमा दाराजवळ बसली होती. ती एकच म्हणाली, "गुरुजी, पासांग म्हनजे शुक्रवार. आमच्यात ज्या वारी लेकरू झालं त्या वाराचं नाव देते. तुमी लिवलेला दिवस कोनता वार होता?"

मी मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढलं. बुधवार होता. म्हणजे पोराच्या नावातच पुरावा होता, आणि ते नाव मी तारखेच्या शेजारीच लिहिलं होतं.

"ठेवून जा," मी म्हणालो. "वाचून पाहतो."

ते मी महिनाभर वाचत होतो. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मी नुकताच रिटायर झालो होतो. शाल-श्रीफळ झालं होतं, पेन्शन सुरू झालं होतं. मला नाव घालायला नेलं तेव्हा माझ्या बापानं त्या वेळच्या गुरुजींना म्हटलं होतं, दोन वर्षं कमी लावा जी, नोकरीत कामी येईल. माझा एक जुलैही तसलाच. दोन वर्षं मी सरकारचा पगार जास्तीचा खाल्ला. आता मीच शपथेवर लिहून द्यायचं की आम्ही मास्तर लोक तारखा अंदाजानं लावायचो, तर उद्या कुणी विचारील, आणि गुरुजी, तुमची? मंदा म्हणाली, "सही करून टाका नं. खोटं थोडंच लिहिलं आहे?" मी तिच्यावर खेकसलो, "तुला काय समजते त्यातलं?" तिला सगळं समजत होतं. ती आत निघून गेली.

महिन्यानं पासांग आला तेव्हा मी तो कागद सही न करता परत दिला. म्हणालो, "नोंदीच्या विरुद्ध मला लिहून देता येत नाही, बाबू. रजिस्टर ते रजिस्टर." आवाज मी मुद्दाम मास्तरकीचा लावला होता. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि गेला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. अर्ज नामंजूर झाला. नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला मिळाली.

त्या वर्षी एक जुलैला मी सकाळपासून दार लोटून बसलो. अकराच्या सुमारास कडी वाजली. आमा. डबा. "काऊन जी, दार लावून राहिले? तब्येत बरी नाई का?" आणि नेहमीच्या जागी बसून तिनं सुया काढल्या. मी एक खाप्सा नुसता हातात धरून बसलो. मी वाट पाहत होतो की ती आज तरी विचारेल. तिनं धानाचं विचारलं, मंदाच्या गुडघ्याचं विचारलं.

पासांग पुढे कॅनडात गेला. नागरिक नसलेल्या तिबेटी माणसाला प्रवासासाठी एक पिवळं पुस्तक मिळतं, त्यावर गेला. तिकडे दवाखान्यात लागला, तिकडचा नागरिक व्हायला अर्ज केला. इथं आधी अर्ज, मग चौकशी, मग नकार. तिथं अर्ज, परीक्षा, वाट पाहणं, आणि शेवटी होकार. या सगळ्यात सहा-सात वर्षं गेली. आधी कागद नव्हते म्हणून आणि मग कागद अर्ध्यावर होते म्हणून त्याला येता आलं नाही. आमा फोनवर त्याचं तोंड पाहायची. "जाडा होऊन राहिला," म्हणायची. नजरेनं माप घेऊन स्वेटर विणायची, पार्सल करायची. तिकडून निरोप यायचा की बरोबर बसला.

शपथेच्या दिवसाची चित्रफीत त्यानं पाठवली तेव्हा ती फोन घेऊन आमच्याकडे आली. "गुरुजी, काय म्हनून राहिला ते सांगा." इंग्रजी मलाही अर्धीच कळत होती. मोठा हॉल, रांगेनं माणसं, त्यांत कोट घातलेला आमचा पासांग. उजवा हात वर. कोपरात जराही बाक नाही. मी ओळखला तो हात. कानापर्यंत न पोचलेला.

"देशाशी इमान राखीन म्हणतो आहे," मी सांगितलं.

"तसंच म्हनते का सारे?"

"तसंच."

"तुमच्या शाळेत बी म्हने." मग तिनं फोन पिशवीत ठेवला, तिच्या त्या नोंदणीच्या पुस्तकाशेजारी.

तो जूनचा शेवट होता. दोन-चार दिवसांत एक जुलै आला, आणि आमा आली, सत्तरी ओलांडलेली, वस्तीपासून ऑटोनं, डबा पदरात धरल्यासारखा पोटाशी धरून. मला राहवलं नाही. मंदाच्या देखत म्हणालो, "आमा, तो कागद आहे का अजून? आण. मी सही करतो. चुकलं माझं."

तिनं सुया थांबवल्या. "आता कायले, गुरुजी? आता तो तिकडचा झाला. त्याच्या देशाचा मोठा सन बी एक जुलैलेच येते म्हने. लोकं त्याले दोनदा मुबारक म्हनते." मग म्हणाली, "मले मालूम होतं, जी. तुमचा बी एक जुलै खोटाच हाये."

मंदा स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथंच उभी राहिली.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगल? मी पैल्याच साली तुमच्यासाठी स्वेटर इनला नं. माप घेतलं तवाच समजली, हा मानूस कागदापेक्षा दोन साल मोठा हाये." आणि हसली. "सही केली असती तं तुमची पेन्शन फसली असती. म्हनून मंग मी दुसऱ्यांदा सांगाले नाई आली. पासांगले बी म्हनलं, नोको जाऊ. दोघाईचा वाढदिवस खोटा, गुरुजी, पन तोंड तं खरंच गोड होते."

मी तिच्या समोर जमिनीवर बसलो होतो. केव्हा बसलो ते आठवत नाही. ज्या बाईला आम्ही पाहुणी म्हणून हसलो तिनं माझं घर सांभाळायला आपल्या लेकाचा देश सोडला होता, आणि हे मला सात वर्षं कळू दिलं नव्हतं. मी रडलो. ती म्हणाली, "खा, नरम होते मंग."

त्याच थंडीत ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. पासांग तिकडून निघायला धडपडला, पण आता तो परदेशी नागरिक. आपल्या गावी यायला त्याला व्हिसा हवा होता, आणि तो मिळेपर्यंत देह ठेवणं शक्य नव्हतं. लामांनी दहनाचा दिवस काढून दिला. वस्तीतल्या लोकांनी चिता रचली, कुणीतरी फोन उंच धरला, आणि पासांगनं तिकडे पहाटे उठून ते पाहिलं. त्यानं मला आधीच विचारलं होतं, गुरुजी, माझ्या जागी तुम्ही उभे राहाल का? मी उभा राहिलो. त्या जागेवर माझा काय हक्क होता हे मला आणि मंदाला माहीत होतं. अंगात तिचाच स्वेटर होता, आणि तो अगदी बेतून बसला होता.

मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत मीच गेलो. कॉम्प्युटरवर बसलेला रोशन माझाच विद्यार्थी. त्यानं तिचं नोंदणीचं पुस्तक उघडलं. त्यात जन्माचं नुसतं साल होतं. "गुरुजी, दिवस आणि महिना रिकामा ठेवला तर हे पुढे सरकत नाही," तो म्हणाला. मग सवयीनं, अगदी सहज म्हणाला, "एक जुलै टाकून देऊ?"

"थांब," मी म्हणालो. इतक्या जोरात की बाजूच्या खोलीतून ग्रामसेवक डोकावला.

मी बाहेर आलो आणि पासांगला फोन लावला. विचारलं, बाबू, आमाचा जन्मदिवस कुणाला ठाऊक आहे का? वार, सण, पीक, काहीही. तो म्हणाला, "आमालाच माहीत नव्हता, गुरुजी. एक जुलैच लिहा. आपल्या दोघांचा आहेच, तिचाही राहू द्या. वर्षभर ती त्याच दिवसाची वाट पाहायची."

हे त्यानं मला माफ केलं की शिक्षा दिली ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आत गेलो आणि रोशनला तारीख सांगितली. एवढ्या वर्षांत किती पोरांच्या तारखा मी लिहिल्या याची मोजदाद नाही. विचारून लिहिलेली ही पहिलीच.